हात धरून शिकवलेले यंत्र

(विश्वकर्मा जयंतीच्या निमित्ताने लघुउद्योजक, कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



‘कारखान्यातील नवा सहकारी’ असा विषय देऊन संयोजकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला पत्रकार. घरातला फ्यूज उडाला तर शेजारच्या मुलाला हाक मारणारा. येथे समोर बसलेल्यांपैकी अनेकांचे निम्मे आयुष्य लेथ आणि मिलिंग मशीनवर गेले आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात तांत्रिक चूक आढळली, तर ती भर सभेत दुरुस्त करण्याचा अधिकार मी आपल्याला आताच देऊन टाकतो. मात्र पत्रकाराला एक खोड असते. जे समजत नाही, तेथे जाऊन उभे राहण्याची. त्या खोडीपायी मी दोन वर्षे भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून हिंडलो आणि भिवंडीची गोदामे पाहिली. जे पाहिले आणि वाचले, ते आपल्यासमोर ठेवतो.

गेल्या खंडेनवमीला मी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात होतो. पंचवीस-तीस माणसांचा पसारा. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग तेथे तयार होतात. प्रथेप्रमाणे सगळी यंत्रे पुसून स्वच्छ केलेली, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. कोपऱ्यातल्या टेबलावर एक राखाडी रंगाचा, सहा सांध्यांचा यांत्रिक हात बसवलेला होता. माणसाच्या हाताहून थोडा मोठा. त्यालाही माळ घातली होती. मालक नव्या पिढीचे, उत्साही. पाहुण्याला प्रात्यक्षिक दाखवावे म्हणून त्यांनी बटण दाबले. हात वीतभर हलला आणि जागच्या जागी थबकला. पडद्यावर लाल पट्टी उमटली. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मालकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात एक वयस्क कामगार पुढे आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी शांतपणे माळ काढून बाजूला ठेवली, बटण दाबले आणि यंत्र सुरळीत चालू लागले. ते म्हणाले, “साहेब, त्याला माळेचं वजन कुठं सांगितलंय?”

मित्रहो, या एका वाक्यात त्या यंत्राचे सगळे वेगळेपण आले. त्या हाताला आपल्या टोकाशी किती ग्रॅम ओझे आहे, हे आधी सांगितलेले असते. त्या हिशोबाने कोणत्या सांध्यावर किती जोर लागेल, हे तो सतत ताडून पाहतो. हिशोबाबाहेरचा भार जाणवला, की कोणीतरी मध्ये आले असे समजून तो थांबतो. झेंडूची माळ त्याच्या दृष्टीने आडवा आलेला माणूसच. अशा यंत्राला इंग्रजीत ‘कोलॅबरेटिव्ह रोबोट’, थोडक्यात ‘कोबॉट’ म्हणतात. आपण सहकारी यंत्रमानव म्हणू. (सहकार म्हटले की महाराष्ट्रात साखर कारखाने आठवतात, पण त्याला इलाज नाही.)

हे थांबणे किती महत्त्वाचे, ते मागच्या इतिहासाकडे पाहिल्यावर कळते. ‘रोबोट’ हा शब्दच कारखान्यातून नव्हे, रंगभूमीवरून आला. झेक नाटककार कारेल चापेक यांचे नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी प्रागमध्ये रंगमंचावर आले. शब्द सुचवला तो त्यांचे बंधू योसेफ यांनी. मूळ झेक शब्दाचा अर्थ वेठ. जमीनदाराकडे सक्तीने करावे लागणारे काम. आपण केलेल्या ‘यंत्रमानव’ या भाषांतरात ती वेठ हरवली. पुढे चाळीस वर्षांनी, १९६१ मध्ये, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा पहिला औद्योगिक यंत्रमानव उभा राहिला. साच्यातून निघणारे तापलेले धातूचे भाग उचलणे हे त्याचे काम. माणसाच्या हाताला पोळणारे काम यंत्राने करावे, यात कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. पण हे यंत्र आंधळे होते. आडवा आलेला माणूस आणि आडवी आलेली पेटी त्याला सारखीच. २५ जानेवारी १९७९ रोजी मिशिगनमधील फोर्डच्या ओतकाम कारखान्यात सुटे भाग आणायला मांडणीवर चढलेल्या एका पंचवीस वर्षांच्या कामगाराला यंत्राच्या हाताचा तडाखा बसला आणि तो जागीच गेला. यंत्रमानवाच्या आघाताने झालेला हा पहिला ज्ञात मृत्यू. यंत्रमानव जाळीच्या पिंजऱ्यात आणि माणूस बाहेर, ही औद्योगिक जगाची रीत होती ती याच धोक्यामुळे, आणि मोठ्या यंत्रांबाबत ती आजही आहे.

पिंजरा काढून टाकण्याचा विचार १९९६ च्या सुमारास शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेशकिन या दोन प्राध्यापकांनी मांडला. मोटारीचे अवजड भाग जागेवर बसवताना कामगारांच्या पाठी आणि खांदे कामातून जात होते. त्यावर जनरल मोटर्सला उपाय हवा होता. या दोघांनी तयार केलेल्या पहिल्या कोबॉटची एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. त्या यंत्राला स्वतःहून पुढे जाण्याची शक्तीच दिलेली नव्हती. ढकलायचे माणसाने. यंत्राने फक्त दिशा सांभाळायची, जड भाग इकडेतिकडे आपटू द्यायचा नाही. म्हणजे इच्छा माणसाची, बळही माणसाचेच, यंत्राकडे केवळ सावरण्याचे काम. ‘सहकारी’ हे विशेषण तेव्हा शंभर टक्के खरे होते.

पुढे ते तितके खरे राहिले नाही. परीकथाकार हॅन्स अँडरसन ज्या गावात जन्मला, त्या डेन्मार्कमधील ओडेन्से येथे २००५ मध्ये तीन तरुण संशोधकांनी ‘युनिव्हर्सल रोबोट्स’ ही कंपनी काढली. लहान कारखान्याला परवडेल, अभियंत्यावाचून चालवता येईल असा हलका हात त्यांनी तयार केला. त्याचे पहिले यंत्र २००८ मध्ये डेन्मार्कमधीलच प्लास्टिक उद्योगातील एका कंपनीने घेतले आणि जाळीविना माणसांच्या शेजारी उभे केले. आपल्यालाही फार वाट पाहावी लागली नाही. चाकणच्या बजाज ऑटोने २०१० पासून हे हात दुचाकींच्या जुळणीसाठी आणले आणि काही वर्षांत त्यांची संख्या शंभरावर गेली. त्या जुळणीवर महिला कामगार मोठ्या संख्येने आहेत. एकाच ताकदीने बोल्ट आवळत राहण्याचे, मनगट मोडणारे काम यंत्राकडे गेले आणि आजवर ‘बायकांना झेपणार नाही’ म्हणून बंद असलेले दार उघडले. हे श्रेय त्या यंत्राला प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

आता थोडे सुरक्षेविषयी, कारण येथे बसलेल्या उद्योजकांना विक्रेते अर्धेच सांगतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१६ मध्ये या यंत्रांसाठी तांत्रिक निकष प्रसिद्ध केले. त्यासाठी जर्मनीतील माइन्झ विद्यापीठात शंभर स्वयंसेवकांच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांवर दाब देऊन वेदना कोठे सुरू होते, हे मोजले गेले. हाताची बोटे यंत्राने दाबली गेली तर मर्यादा १४० न्यूटन, म्हणजे साधारण चौदा किलो वजनाचा भार. चेहऱ्यासाठी याच्या निम्म्याहूनही कमी. आणि चालत्या यंत्राचा फटका डोक्याला वा चेहऱ्याला बसता कामाच नये. पण हात कितीही सौम्य असला तरी त्याने धरलेले पाते धारदार असेल तर काय? कोबॉटच्या मुठीत सुरी दिली की तो कोबॉट राहत नाही. धोक्याचा विचार हाताचा नसतो, हात, अवजार, वस्तू आणि शेजारी उभा असलेला माणूस या सगळ्यांचा मिळून असतो. ‘जाळी लागत नाही’ एवढे एकच वाक्य ऐकून सही करू नका.

अण्णांकडे परत येतो. त्या कारखान्यात पंपाच्या झाकणाच्या कडेने सीलंटची एक बारीक रेघ ओढावी लागते. रेघ जाड झाली तर आत ओघळते, बारीक झाली तर पंप गळतो. वर्षानुवर्षे हे काम अण्णा आणि दोन हेल्पर करीत. यंत्र आले, त्याच्याबरोबर विक्रेत्या कंपनीचा तरुण अभियंता आला. त्याने दोन दिवस लॅपटॉपवर सगळे व्यवस्थित बसवले. तरी दर पाच झाकणांत एक नापास. कोपऱ्यावर रेघ फुगायची. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, “मला जरा धरू द्या.” या यंत्रात एक सोय असते. एक बटण दाबून धरले की सगळे सांधे सैल होतात, मग माणसाने तो हात धरून हवा तसा फिरवायचा आणि वाटेतले बिंदू नोंदवायचे. लहान मुलाचा हात धरून पाटीवर ‘श्री’ गिरवून घ्यावा, तसे अण्णांनी यंत्राकडून झाकण गिरवून घेतले. कोपरा येण्याआधी टोक केसभर वर. सकाळी पहिल्या झाकणाआधी थोडे सीलंट बाहेर काढून टाकायचे, कारण रात्रीच्या गारठ्यात ते घट्ट झालेले असते. हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत नव्हते. अण्णांना स्वतःलाही आपण हे जाणतो, हे त्या दिवशी कळले असावे.

हे ऐकताना मला आमच्या व्यवसायातले एक जुने प्रकरण आठवले. मी पत्रकारितेत आलो तेव्हा शिसाच्या खिळ्यांची छपाई अखेरच्या घटका मोजत होती. ज्या छोट्या साप्ताहिकात मी उमेदवारी केली, तेथे एक जुळारी होते. खिळ्यांच्या घरांकडे न पाहता त्यांची बोटे चालत. आमच्यासारख्या पदवीधरांचे ऱ्हस्वदीर्घ ते जुळवता जुळवता, न विचारता दुरुस्त करीत. एक दिवस संगणक आला. टंकलेखन येणाऱ्या दोन मुली नेमल्या गेल्या आणि जुळारीकाकांना बांधणी विभागात पाठवण्यात आले. त्यांना संगणक शिकवावा, असे कोणाच्याही मनात आले नाही. माझ्याही नाही, हे आज कबूल करतो. पुढच्या सहा महिन्यांत आमच्या अंकातील शुद्धलेखनाची जी दुर्दशा झाली, तिचे खापर आम्ही संगणकावर फोडत राहिलो. वास्तविक आम्ही शिशाच्या खिळ्यांबरोबर एक माणूसही भंगारात काढला होता, आणि तो कोणते काम करीत होता, याचा पत्ता आम्हाला तो गेल्यावर लागला.

जपानमध्ये टोयोटाने हीच चूक ओळखली. त्या उद्योगाचे मूळ पुरुष साकिची टोयोदा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला होता. भोसरीतला माळेने थांबलेला हात त्याचाच वंशज म्हणायचा. टोयोटात या तत्त्वासाठी जो शब्द वापरतात, त्यात ‘आपोआप चालणे’ या अर्थाच्या चित्राक्षराला मुद्दाम ‘माणूस’ या अर्थाची खूण जोडलेली आहे. भाषेच्या विद्यार्थ्याला याचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही. तेथे मित्सुरू कावाई नावाचे गृहस्थ कंपनीच्या प्रशिक्षण शाळेतून, कामगार म्हणून लागले आणि २०१७ मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष झाले. त्यांनी काही ठिकाणी यंत्रमानव बाजूला करून क्रँकशाफ्टचे घडाईकाम पुन्हा माणसांच्या हाती दिले. २०१४ मध्ये त्याची जगभर चर्चा झाली. भूतकाळात जाण्याची हौस म्हणून हे केलेले नव्हते. हाताने काम करणारा उरला नाही, तर यंत्र सुधारणार कोण, हा रोकडा हिशोब त्यामागे होता. त्या हाताने केलेल्या कामातून मिळालेल्या धड्यांवर यंत्रांची रांग आखूड झाली आणि वाया जाणारा माल घटला. याच्या नेमके उलट टेस्लाचे. सगळे यंत्रांवर सोपवण्याच्या हट्टापायी उत्पादन अडकले आणि २०१८ मध्ये एलॉन मस्क यांना अतिस्वयंचलन ही आपली चूक होती, असे जाहीरपणे मान्य करावे लागले.

आतापर्यंत बोललो ते कारखान्याविषयी. गोदामात गेल्यावर चित्र पालटते. अमेरिकेत २००३ मध्ये ‘किवा’ नावाची कंपनी निघाली. तिचे बुटके, चाकांचे यंत्र मांडणीखाली शिरते, अख्खी मांडणी उचलते आणि माणसापुढे आणून ठेवते. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ही कंपनी ७७ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली. जुलै २०२५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर गेल्याचे जाहीर केले. पूर्वी मालाच्या शोधात कामगाराची दिवसाकाठी मैलोगणती पायपीट होई, ती वाचली. पण आता माणूस एका जागी खिळलेला आणि मांडण्या एकामागून एक त्याच्यापुढे येऊन उभ्या. वाकणे, उचलणे, ठेवणे याची लय यंत्र ठरवते. २०२० मध्ये अमेरिकेतील ‘रिव्हील’ या शोधपत्रकारांच्या संस्थेने ॲमेझॉनच्याच नोंदी तपासून सांगितले की, यंत्रमानव असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचे प्रमाण इतर गोदामांपेक्षा सुमारे दीडपट आहे. कंपनीने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद असू द्या. नॉर्थवेस्टर्नच्या त्या पहिल्या यंत्रात चाल माणसाची होती, येथे ती यंत्राकडे गेली, एवढे तर कोणालाही दिसते.

महाराष्ट्राला या प्रश्नाकडे तिऱ्हाईतासारखे पाहता येणार नाही. डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला कायद्याचे छत्र देणारे हे राज्य. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. ज्यांना ना मालक होता ना हजेरीपट, अशा हमालांची नोंदणी झाली, आणि मालकांकडून मजुरीवर लेव्ही वसूल करून त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार यांची तरतूद झाली. शंभर किलोच्या पोत्याखाली मान मोडणाऱ्या माणसाची त्यातून यंत्राने सुटका केली, तर आनंदच आहे. पण लेव्ही मजुरीवर बसते. मजुरीच नसेल तर लेव्हीही नाही. ओझे यंत्राने उचलायचे आणि ज्याच्या मानेवरून ते उतरले त्याच्या म्हातारपणाची तरतूदही त्याच ओझ्याबरोबर उतरायची, हा व्यवहार कोणत्या न्यायात बसतो, याचे उत्तर भिवंडीत मला कोणी दिले नाही. खरे तर हा प्रश्न तेथे कोणी विचारलेलाही नव्हता.

आपल्यातील ज्येष्ठांना १९८० च्या दशकातील बँकांचे संगणकीकरण आठवत असेल. बहुतेक सर्व कामगार संघटना विरोधात उभ्या राहिल्या, भारतीय मजदूर संघही त्यात होता. त्या विरोधाची आज टिंगल होते. मला ती उथळ वाटते. संगणक अडवणे चुकले असेल, पण विरोधाच्या रेट्यामुळेच वाटाघाटी झाल्या आणि आहे त्या कर्मचाऱ्यावर गदा येऊ नये यासाठी बंधने आली. दत्तोपंत ठेंगडी उद्योगांच्या ‘श्रमिकीकरणा’विषयी बोलत, म्हणजे उद्योगाच्या मालकीत आणि कारभारात श्रमिकाचा वाटा. तो शब्द आपण उत्सवापुरता उच्चारतो. अण्णांच्या टेबलापाशी त्याला फार साधा अर्थ येतो. ज्याने यंत्राला शिकवले, त्याचे नाव त्या प्रोग्रॅमवर असावे का? वाढलेल्या उत्पादनात त्याचा हिस्सा काय? यंत्र घेण्याआधी त्याला विचारले जाते का? या गोष्टी वेतन करारात लिहिता येतात. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही.

आणि वेळ आहे, हेही लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय यंत्रमानव महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ अखेर जगभरातील कारखान्यांत सुमारे ४२ लाख ८० हजार यंत्रमानव काम करीत होते. त्या वर्षी नव्याने बसवलेल्यांपैकी साधारण दहांतील एक कोबॉट होता. दक्षिण कोरियात दर दहा हजार कामगारांमागे १,०१२ यंत्रमानव, जगाची सरासरी १६२. भारतात त्या वर्षी ८,५१० नवे बसले, आदल्या वर्षीपेक्षा ५९ टक्के अधिक, आणि वार्षिक खरेदीत आपण सातव्या क्रमांकावर आलो. म्हणजे लोंढा अजून यायचा आहे, पण वाट तयार झाली आहे. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मी एवढेच सांगेन की, मुलाला यंत्राचा पडदा चालवायला अवश्य शिकवा, पण कानस धरायची लाज वाटू देऊ नका. ज्याने स्वतः कधी रेघ ओढली नाही, तो यंत्राकडून काय गिरवून घेणार?

खंडेनवमीला निघताना मी मालकांना विचारले, अण्णांच्या पगारात काही फरक पडला का? ते प्रांजळ गृहस्थ आहेत. म्हणाले, “ते डोक्यातच आलं नाही.” अण्णा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. झाकणाचा नमुना बदलला तर यंत्राला कोण शिकवणार, यावर ते म्हणाले, कंपनीचा माणूस बोलावू. मग मी त्या दोन हेल्परांची चौकशी केली. दोघेही कंत्राटी. एकाला पॅकिंगला घेतले आहे, तो तेथेच प्रसादाचे पेढे वाटत होता. दुसऱ्याला यंत्र आल्यानंतरच्या महिन्यात थांबवले. त्याचे नाव सोमनाथ, एवढे अण्णांना आठवत होते. गाव बीडकडचे असावे. आडनाव कोणालाच सांगता येईना. त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत होती, आणि ठेकेदार मध्यंतरी बदलला होता.